पॉलिलॅक्टिक आम्लाचे तंतू व बिनविणीचे कापड

पॉलिलॅक्टिक आम्ल (पीएलए) : मका, ऊस यांतील शर्करा आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे जैवविघटनशील बहुवारिक (पॉलिमर; लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी). ते वितळवून धागा काढता येतो, म्हणून चहाच्या पुड्या, पुसणी, पिकांवरील आच्छादने इत्यादींच्या बिनविणीच्या (नॉनवोव्हन; न विणता तंतू सांधून केलेल्या) कापडासाठी वापरतात.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले, याविषयी दुमत नाही. बहुवारिकाचा उगम मात्र निरनिराळा सांगितला जातो. काही ग्रंथ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पेलूझ यांच्या १८४५ च्या सुमारास झालेल्या कामापासून आरंभ मानतात. आम्ल तापवून, पाणी घालवून त्यांना मिळाले ते मुख्यत्वे लॅक्टाइड, म्हणजे दोन रेणूंचे वलय, आणि आखूड साखळ्या. इतर ग्रंथ ड्यूपाँ कंपनीतील वॉलेस कॅरोदर्स व सहकारी यांच्या १९३२ च्या संशोधनाला श्रेय देतात. तंतूंच्या दृष्टीने दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. आम्लाच्या सरळ संघननात (रेणू पाणी सोडून जोडले जाण्यात) सुटणारे पाणी साखळी लांब होऊ देत नाही. कॅरोदर्स यांच्या पद्धतीप्रमाणे लॅक्टाइडचे वलय उघडून जोडताना पाणी सुटतच नाही. तरी कॅरोदर्स यांच्या पदार्थाचाही रेणुभार कमीच होता. पुढे १९७० च्या दशकात ग्लायकोलाइड व लॅक्टाइड यांचे (९० : १०) सहबहुवारिक शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांसाठी आले. वस्त्रोद्योगात जपानच्या कानेबो कंपनीने १९९४ मध्ये ‘लॅक्ट्रॉन’ तंतू आणला. अमेरिकेत ब्लेअर (नेब्रास्का) येथील सु. १,४०,००० टन वार्षिक क्षमतेचा पीएलएचा कारखाना २००२ मध्ये सुरू झाला.

धागा काढण्यातील मुख्य अडचण पाण्याची आहे. वितळलेल्या अवस्थेत (सु. २२०°–२४०° से.) लेशमात्र ओलही साखळ्या तोडते, रेणुभार घसरतो व धागा तुटतो. म्हणून पीएलएच्या दाण्यांतील ओल साधारण ०·००५ टक्क्यांखाली आणतात. अस्फटिकी (साखळ्यांची सुसूत्र मांडणी नसलेले) दाणे ६०° से.च्या आसपास मऊ पडून एकमेकांना चिकटतात व त्यांचा गड्डा होतो. त्यामुळे ते आधी ढवळत तापवून स्फटिकी करतात आणि मग वाळवतात. दुसरी बाब डी-रूपाच्या प्रमाणाची. लॅक्टिक आम्लाच्या रेणूची एल व डी ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेली दोन रूपे आहेत. जवळजवळ शुद्ध एल-रूप १७०°–१८०° से.ला वितळते, डी-रूप वाढले की वितळबिंदू व स्फटिकता दोन्ही उतरतात. दोषासारखा भासणारा हा गुण बिनविणीच्या कापडात कामी येतो : गाभ्यात उच्च वितळबिंदूचे व आवरणात सु. १३०° से.ला वितळणारे पीएलए घेतले, की तापलेल्या रुळांतून जाताना आवरण वितळून तंतू सांधले जातात, गाभा शाबूत राहतो. एल व डी साखळ्यांच्या मिश्रणातून होणाऱ्या स्टिरिओकॉम्प्लेक्सचा वितळबिंदू सु. ५०° से.ने अधिक असतो. इस्त्रीचे तापमान साध्या पीएलए कापडाला सोसत नाही.

विघटनही पाण्यानेच सुरू होते. साखळ्या पुरेशा आखूड झाल्यावर सूक्ष्मजीव त्या खातात. औद्योगिक कंपोस्टच्या सु. ५८° से. तापमानात हे काही महिन्यांत घडते, घरामागच्या खड्ड्यात वा समुद्रात फार सावकाश. ‘जैवविघटनशील’ या शिक्क्याचा अर्थ तेवढाच घ्यावा.

बाजारात कापडी म्हणून खपणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्या बहुधा पीएलएच्या नव्हे, तर पॉलिप्रोपिलीन या जैवविघटनशील नसलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत त्यांचाही समावेश होता. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे २०२४ मध्ये प्राज इंडस्ट्रीजने जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र उभारले.