लाखोळी, लकवा आणि बंदी: थोडी पार्श्वभूमी

‘लाखोळीनं लकवा मारतो’ हे वाक्य भंडारा-गोंदियाकडच्या कोणत्याही गावात ऐकायला मिळतं. लाखोळी म्हणजे लाख, लाखोरी किंवा हिंदीत खेसारी म्हणतात ती डाळ; १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. त्या वाक्यात निम्मी चूक आहे, आणि बंदीचा सगळा वाद समजून घ्यायचा तर आधी ती चूक सोडवावी लागते.

लकवा म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि अंगाची एक बाजू जाते. तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. लाखोळीच्या आजारात यातलं काहीच होत नाही. जातात ते दोन्ही पाय, आणि तेही लुळे पडत नाहीत, ताठरतात. पोटऱ्या आखडतात, गुडघे वाकलेले राहतात, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात आणि माणूस चवड्यांवर चालू लागतो. आधी एक काठी लागते, मग दोन, आणि फारच बिघडलं तर सरपटणं. पोलिओत पाय ढिला पडून सुकतो, इथे नेमकं उलट. पण गावात तिन्हींना लकवाच म्हणायचे, त्यामुळे कोणाचे पाय कशानं गेले हे मागाहून वेगळं काढणं अवघड होऊन बसलं.

पायांचा आजार दिसत असला तरी बिघाड वर असतो. हालचालीचा हुकूम देणाऱ्या ज्या पेशी मेंदूच्या बाहेरच्या थरात असतात, त्यांचे तंतू मणक्यातून खाली उतरतात. लाखोळीतलं विष याच पेशींवर उठतं. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं; त्याला ओडॅप म्हणतात. मेंदूत निरोप पोचवणारं ग्लुटामेट नावाचं द्रव्य मुळातच असतं. ओडॅपचा घाट त्याच्यासारखा, म्हणून पेशी फसते, सारखी उत्तेजित राहते आणि शेवटी मरते. मेलेली पेशी परत येत नाही. खाणं थांबवलं तर आजार बहुधा वाढत नाही, पण गेलेलं चालणं मिळत नाही. स्मरण, बोलणं, विचार सगळं शाबूत राहतं. हिशेब चोख करणारा माणूस शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडू शकत नाही.

आता खरी मेख. ही डाळ भातासोबत, इतर डाळींबरोबर, आठवड्यातून दोन-चारदा खाणाऱ्यांना सहसा काही होत नाही. दोन-तीन महिने पोट तिच्यावरच भरावं लागलं, की मग पाय जातात. त्यातही अंगमेहनत करणाऱ्या तरुण पुरुषांचे जास्त. गंधकयुक्त प्रथिनं पोटात कमी गेली की धोका आणखी वाढतो, आणि नुसत्या लाखोळीत तीच कमी. आमच्याकडे डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकायची रीत होती. ती कुणी शिकवली कोण जाणे, पण भिजवून पाणी फेकल्यानं ओडॅप बरंच कमी होतं हे खरं आहे.

जुना इतिहास थोडक्यात. १६७१ मध्ये जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या सरदारानं पावात लाखेचं पीठ घालायला मनाई केली. १८३० च्या आगेमागे आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात गारपिटीनं गहू गेला, लोक लाखेवर जगले आणि तरण्या पोरांचे पाय गेले, असं एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. आजाराला आजचं शास्त्रीय नाव १८७३ मध्ये नेपल्सच्या एका डॉक्टरनं दिलं. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधल्या एका छावणीत ज्यू कैद्यांना हेच दाणे खायला घातले गेले. तिथेही माणसं पांगळी झाली.

आपल्याशी जास्त संबंध आहे तो मध्य प्रदेशातल्याच रीवा-सतना भागाचा. तिथे वेठबिगार मजुरांना मजुरीच लाखेच्या दाण्यांत मिळे. मालकाच्या कोठारात गहू, मजुराच्या पदरात लाख. पांगळे झालेले हजारोंच्या संख्येनं मोजले गेले ते अशाच पट्ट्यांत. आणि तिथून १९६१ ची बंदी निघाली. अन्नभेसळीच्या केंद्रीय नियमांत खेसारी, तिची डाळ आणि बेसन यांच्या विक्रीला मनाई घातली गेली, मात्र ती कधीपासून लागू करायची हे राज्यांवर सोडलं. आजार मजुरीच्या पद्धतीतून आला होता, नियमात मात्र दाणा आला. मजुरी रोखीत द्या, असा नियम त्या कागदात कुठेच नव्हता. नाव आलं ते हिंदी पट्ट्याचं, ‘खेसारी’. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, लाखोरी तीच आहे, हे बऱ्याच जणांना माल अडवला गेल्यावर कळलं असेल.

पीक काही थांबलं नाही. धान निघण्याआधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बी फेकलं की ना नांगर, ना पाणी; यालाच उतेरा म्हणतात. दुसरं असं कोणतं पीक येतं? प्रथिनं पंचवीस टक्क्यांहून जास्त, कोवळ्या पाल्याची भाजी, गुरांना कुटार. विक्री चोरटी झाली, भाव पडला आणि डाळ तूर व बेसनाच्या भेसळीत शिरली. म्हणजे खाणाऱ्याला पत्ता न लागता ती शहरांतही पोचली, बंदीमुळेच.

विदर्भात बंदीविरुद्ध निवेदनं झाली, उपोषणं झाली. २००८ मध्ये राज्यानं बंदी उठवली. पण २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत विक्रीची मनाई पुन्हा आली, त्यामुळे एकाच पोत्याला राज्यात मोकळीक आणि केंद्रात आडकाठी अशी गत झाली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हा लाखोळीची आठवण सगळ्यांनाच आली. २०१६ च्या सुरुवातीला तज्ज्ञांच्या एका गटानं कमी विषाच्या वाणांसाठी बंदी उठवायची शिफारस केली. रतन, प्रतीक, महातिवडा हे ते वाण, ओडॅप ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी.

बंदी उठवायला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मात्र मलाही टाळता येत नाही. उतेऱ्याचं बी शेतकरी घरचंच ठेवतो. मधमाश्यांमुळे शेजारच्या बांधीतल्या गावरान लाखोळीशी संकर होतो, आणि कमी विषाचा गुण काही वर्षांत पातळ होतो. शिवाय पाऊस कमी पडला की त्याच वाणाच्या दाण्यात ओडॅप वाढतं. धान बुडालेलं असतं तेही त्याच वर्षी, आणि घरात लाखोळीच तेवढी उरलेली असते.