पार्श्वभूमी : पाळणा, डॉल्फिन आणि ‘सी वर्ल्ड’चा घोळ

तोंडवळी-वायंगणीच्या ‘सी वर्ल्ड’ या प्रस्तावित पर्यटन प्रकल्पाचा विषय निघाला की मालवण तालुक्यात एकाच शब्दावर दोन पिढ्या निरनिराळे बोलतात. पन्नाशीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे निळ्या टाकीतून उसळणारा डॉल्फिन येतो. विशीतल्या मुलाला तो खेळ ऐकूनच नको होतो, त्याला मासे बघायचे ते मास्क लावून समुद्रात. जमिनीचा वाद, मोर्चे, ग्रामसभांचा विरोध हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याखाली दबून राहिला तो या शब्दाचा गोंधळ आणि तो कुठून आला याचा हिशेब.

मनोरंजनाच्या चाकाचा इतिहास 1893 च्या शिकागोपासून सांगायची पद्धत आहे. तिथले चाक 264 फूट उंच होते, हे खरे. पण कोकणाला तिथवर जायची गरज नाही. वाडीतल्या विहिरीवर लोट्यांची माळ फिरवून पोफळी-माडांना पाणी देणारा रहाट इथे घरचाच होता आणि जत्रेतल्या चार पेट्यांच्या लाकडी चाकाला लोक रहाटपाळणा म्हणत ते त्यावरूनच. पाळणेवाला खालची पेटी हाताने ढकली, वेग आला की पायाने रेटा देई. पुढे लोखंडी चाक आणि डिझेल इंजिन आले, शब्द ‘आकाशपाळणा’ झाला, मग ‘जायंट व्हील’. मालवणीत मात्र अजूनही ‘पाळण्यात बसूक’ एवढेच पुरते.

इंजिनावरच्या पाळण्याची गोम तोलात असते. बारा पाळण्यांचे चाक ओळीने भरत नाहीत. पहिला भरला की अर्धा फेरा देऊन सातवा, मग चौथा आणि दहावा. एका अंगाला वजन झाले तर चाकाच्या कडेवरचा दोर घसरतो आणि जड बाजू आपसूक खाली येते. मग इंजिन चालू असून उपयोग नसतो, सगळी भिस्त ब्रेकच्या फळीवर. जांभ्याच्या कातळावर बैठक पक्की मिळते, पण खुंट शिरत नाही. पुळणीवर खुंट शिरतो, पण धरत नाही आणि पाया खचतो. म्हणून दोन्हीकडे खाली लाकडी स्लीपर टाकतात आणि पाचरी मारून लेव्हल काढतात. खारी हवा आधी खाते ते नट-बोल्ट आणि पाळणा टांगलेल्या पिनांची भोके. भोक लांबट झाले की पाळणा कुरकुरतो. बसणाऱ्याला त्यात जत्रेची मजा वाटते, जाणता माणूस खाली उतरतो. शेजारचा मौत का कुआ वरवर जास्त धोक्याचा दिसतो, पण त्याचे गणित सरळ आहे. पाच मीटर त्रिज्येच्या लाकडी विहिरीत फळ्यांवर टायरची पकड बरी असेल तर ताशी तीस-बत्तीस किलोमीटरला गाडी भिंतीवर टिकते. फळ्यांवर दव किंवा तेल पडले की हे गणित मोडते.

या सगळ्याला ‘जुने’ ठरवले ते 1989 ने. त्या वर्षी गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. मार्वे किंवा गोराई खाडीची फेरीबोट हाच निम्मा सोहळा होता. कोकणातल्या गावांना ते थेट फारसे मिळाले नाही, मिळाले ते चाकरमान्यांच्या पोरांच्या तोंडून. मे महिन्यात आणि गणपतीत गावी आलेली ही पोरे राइड्सची नावे घेत आणि गावातल्यांना आपला जत्रेतला पाळणा एकदम लहान वाटू लागे. 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले, त्याच वर्षी कोकण रेल्वेही पूर्ण धावू लागली. पुढे कोरड्या राइड्स मागे पडल्या, पाण्याच्या टिकल्या. कारण समुद्रकाठच्या कोणत्याही पार्कला लागू आहे. लोखंडी राइडला सांधे तपासणे, तडे शोधणे, परदेशी सुटे भाग हे कायमचे मागे लागते. फायबरच्या घसरगुंडीला पंप, गाळणी आणि क्लोरीन एवढ्यात भागते. शिवाय तिच्यावर लहानाथोरांची सारखीच गर्दी होते.

एप्रिल 2013 मध्ये खोपोलीला इमॅजिका उघडले आणि आठवणींचा धंदा उघडपणे सुरू झाला. तिथली ‘मिस्टर इंडिया’ राइड 1987 च्या चित्रपटावर बेतलेली. आई-बापांनी मुलांना मोगॅम्बो कोण ते समजावून सांगायचे, हा त्या राइडचा अर्धा भाग. असल्या सिम्युलेटरमध्ये खुर्च्या जागच्या जागी हलतात, धावतो तो पडदा. पुढच्या पिढीला चित्रपट कळेनासा झाला तर पडद्यावरचा मजकूर बदलायचा, यंत्र तेच ठेवायचे. ‘नवी राइड’ अशी पाटी लागते तेव्हा यंत्र नवे की रंग नवा, हे विचारायला हवे.

त्यानंतर महिन्याभराने, 17 मे 2013 रोजी, केंद्राच्या परिपत्रकाने देशात व्यावसायिक करमणुकीसाठी डॉल्फिनेरियम, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या टाक्या, उभारायला बंदी घातली. ‘सी वर्ल्ड’चा घोळ इथे घट्ट होतो. नाव अमेरिकेतल्या पार्कांवरून आलेले. त्यांतले पहिले 1964 मध्ये सॅन दिएगोला सुरू झाले आणि ऑर्का व डॉल्फिनच्या कसरती हीच त्याची ओळख. मालवणच्या प्रस्तावात नाव तेच राहिले, पण आत काय, याचे उत्तर ऐकणाऱ्यागणिक बदलले. कुणी भव्य मत्स्यालय म्हणे, कुणी थीम पार्क, कुणाला हॉटेलेच दिसत. मागणी आधी हजारावर एकरांची होती, मग साडेतीनशेच्या आसपास आली. मत्स्यालयाला एवढी जमीन लागत नाही, हे विरोधकांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मागितलेल्या जमिनीतला कातळ ‘पडीक’ म्हणून कागदावर दाखवला जातो. प्रत्यक्षात त्याच्यावर गुरे चरतात, पावसाळ्यात फुले येतात आणि कडेने आंबा-काजू उभे असतात. समर्थकांना रोजगार हवा होता, तीही मागणी खरी होती. पण वचन दिले जात होते ते 1989 च्या पिढीला आवडलेल्या करमणुकीचे आणि ते पुरे होण्याआधीच त्या करमणुकीचा मुख्य खेळ बेकायदा ठरला होता.

बंदी हळवेपणातून आली असे अजून म्हटले जाते. ते बरोबर नाही. 1998 मध्ये चेन्नईजवळ परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले होते. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो, काँक्रीटच्या टाकीत तोच आवाज चहूबाजूंनी त्याच्यावर आदळतो. पाण्याचा हिशेबही सोपा नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दहा लाख लिटरच्या टाकीत 35 टन. पाणी किनाऱ्यावरून खेचावे तर गड नदीचे मुख तोंडवळीच्या अंगालाच. आषाढात तिथले पाणी गोडे आणि गढूळ होते, तेव्हा महिनोन्‌महिने साठ्यावर भागवावे लागेल. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू गाळणीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. त्याआधी मासे सोडले की मरतात. आणि पावसात वीज गेली तर पंप बंद पडून पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. 2016 मध्ये मूळ अमेरिकन पार्कांनीही ऑर्कांची पैदास थांबवल्याचे जाहीर केले. आपल्याकडे मात्र नाव तेच चिकटून राहिले.

मधल्या काळात गिऱ्हाईक स्वतःच पाण्यात उतरले. मालवण-तारकर्लीची स्कूबा म्हणजे पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाने सिलिंडर धरून वीस-तीस फूट खाली नेणे. उतरताना दर थोड्या अंतराला नाक दाबून फुंकर घालायची, म्हणजे कान दुखत नाहीत. श्वास कधीच रोखायचा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी स्वच्छ असते. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद. हाही खेळ निर्मळ नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे सागरी अभयारण्य 1987 चे, 29.12 चौरस किलोमीटरचे. तिथल्या प्रवाळावर होड्यांचे नांगर आणि पाणबुड्यांच्या पायांतले फिन यांचा मार रोज बसतो. डॉल्फिन बघायचा तर पहाटे होडीने. नदीच्या मुखाशी उथळ पाण्यात फिरणारा हा कुबड्या डॉल्फिन उडी फारशी मारत नाही, पाठ दाखवून जातो. जुन्या पिढीची तक्रार नेमकी तीच असते. निवती रॉकजवळ निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजनाही या नव्या आवडीवरच उभी आहे.

मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा तोंडवळीहून जवळच. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल झाल्यावर ठरते, म्हणून पाळणेवाल्यांना आवतण उशिरा कळते आणि चाक घाईत उभे राहते. आता त्याला एलईडीच्या माळा असतात आणि कॉलेजची पोरे वर जाऊन रील काढतात. खाली स्लीपर आणि पाचरी त्याच. रील काढायला सगळी एका पाळण्यात जमली की तोल बिघडतो, पाळणेवाला ओरडून दोघांना समोरच्या अंगाला बसवतो.