आठाला आडवे, पण झोप कधी?

“पोरां रात्रभर मोबाईल बगत रवतत, नीज खंयसून येतली?” मालवणकडच्या आमच्या आजीचं हे ठरलेलं वाक्य. तिच्या लहानपणी म्हणे जेवणं उरकली की कंदील बारीक व्हायचा आणि आठाला सगळे पडवीत आडवे. पण तीच आजी पुढच्या दमात सांगते, की जत्रेतला दशावतार बघून घरी येईपर्यंत उजाडायचं आणि रापणीला (मासळीचं जाळं ओढायला) जाणारी माणसं अंधारातच किनाऱ्यावर असायची.

तिच्या काळची झोप कोणी मोजून ठेवलेली नाही. पण २०१५ साली झोपेचे अभ्यासक जेरोम सिगल आणि सहकाऱ्यांनी टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले चिमाने यांच्या मनगटाला हालचाल नोंदवणारी यंत्रं बांधली. विजेविना राहणारी ही माणसं. झोप भरली ५.७ ते ७.१ तास! निजायचीही सूर्य मावळल्यावर सरासरी सव्वातीन तासांनी, हवा गार होत जाताना. (मे महिन्यातली आपली घामट रात्र आठवा, म्हणजे पंख्याशिवाय डोळा का लागत नाही ते कळेल.) १९६०पासून उपकरणांनी मोजलेल्या झोपेच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हाही निरोगी प्रौढांची झोप घटल्याचं दिसलं नाही.

म्हणजे आजी चुकली? पुरती नाही. अर्जेंटिनातल्या तोबा लोकांत वीज पोचलेल्या वस्तीची झोप वीज नसलेल्या वस्तीपेक्षा पाऊण ते एक तासाने कमी भरली. ज्यांच्याकडे दिवे नव्हते, तेही पौर्णिमेच्या आधीच्या रात्री उशिरा निजायचे. चांदणं पडलं की खळ्यातल्या गप्पा लांबतात, हे आजीला सांगायला नको.

माझ्या मते खरी गफलत अंथरुणावरचे तास म्हणजेच झोप समजण्यात आहे. चेन्नईत कमी उत्पन्न गटातल्या कामगारांची झोप अशीच यंत्राने मोजली, तर ते आठ तास पडून राहायचे आणि झोपायचे जेमतेम साडेपाच. उकाडा, डास, गोंगाट. झोप सारखी मोडायची. डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे वगैरे देऊन त्यांची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली, पण कामात काही फरक पडेना. फरक पडला तो कामाच्या जागीच दुपारी काढलेल्या छोट्या डुलकीने.

आमच्याकडे भर दुपारी बाजारातली अर्धी दुकानं बंद असतात. आजीला विचारलं तर ती “निजलंय खंय? जरा पाठ टेकलंय” म्हणते आणि ते पाठ टेकणं झोपेच्या हिशेबात धरत नाही.