दम आधी येतो, हाडं मागून

गणपती विसर्जन झालं की बेळगावात डिसेंबरच्या ट्रेकचे बेत सुरू होतात. कुणाला पारगड, कलानिधीगड, महिपालगड असे चंदगडकडचे किल्ले जोडायचे असतात, कुणाला सह्याद्रीच्या धारेनं उत्तरेकडे सरकायचं असतं. वाट कुठलीही असो, हिशेब साधारण सारखाच असतो: पाठीवर १२-१३ किलोची सॅक, रोज १५ ते १८ किलोमीटर, सलग पाच-सहा दिवस. त्यासाठी शरीराला निदान बारा आठवडे द्यावे लागतात. अनंत चतुर्दशीपासून मोजले तर ते बरोबर डिसेंबरच्या आसपास संपतात.

तयारी बहुतेकांची येळ्ळूरच्या राजहंसगडापासून सुरू होते. पहिल्या रविवारी चढावर तीनदा थांबावं लागतं. चौथ्या रविवारी न थांबता माणूस वर पोचतो आणि त्याला वाटतं, झालं काम. पुढच्या आठवड्यात तो एकदम दहा किलो पाठीवर घेतो. फसगत होते ती इथे.

शरीरातल्या सगळ्या गोष्टी एका वेगानं तयार होत नाहीत. नियमित चालायला लागल्यावर आठवड्या-दहा दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून तोच चढ कमी ठोक्यांत होतो. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची वाढ दिसायला चार-सहा आठवडे जातात. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांना काही महिने लागतात. आणि सगळ्यात मागे रेंगाळतं ते हाड.

हाडाची गंमत अशी की मजबूत होण्याआधी ते काही काळ कमकुवत होतं. नवा ताण आला की आधी हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि साधारण तीन आठवडे जुना भाग काढून टाकतात. त्यानंतर भरणाऱ्या पेशी येतात, त्यांचं काम सुमारे तीन महिने चालतं. गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणतात तसंच हे: खणायला चार दिवस, बुजवायला चार महिने. मधल्या काळात त्यावरून भरलेला ट्रक नेला तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, त्यामुळे त्या पावलांच्या हाडांना चीर गेलेली असते हे कळायला पुढची चाळीसेक वर्षं लागली. आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. मार खाऊन नव्हे, नुसतं चालून मोडलेलं हाड.

आता पंचांग बघा. अधिक महिना आडवा आला नाही, तर अनंत चतुर्दशीनंतर सतराव्या दिवसाच्या आसपास घटस्थापना होते. म्हणजे तयारीचा तिसरा-चौथा आठवडा आणि नवरात्रातली दुर्गामाता दौड एकत्र येतात. रोज पहाटे, डांबरी रस्त्यावर, अनेकांची अनवाणी दौड, आणि तीही हाड पोखरलेलं असतानाच्या दिवसांत. दौड चुकवा असं कोणी बेळगावकराला सांगणार नाही. पण ते किलोमीटर सरावातच धरायचे, त्या नऊ दिवसांत सॅक उचलायची नाही आणि रविवारचा गडही सोडून द्यायचा.

नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटानं दाखवता येईल अशी दुखरी जागा सापडली, चालताना ती वाढत गेली आणि रात्रीही ठणकत राहिली, तर चालणं बंद. स्नायूचं दुखणं पसरट असतं, हाडाचं नेमकं. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये चीर दिसत नाही असं पुष्कळदा होतं. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच पुन्हा चालायला लागणं हा शहाणपणा नव्हे.

बारा आठवड्यांची मांडणी अशी करता येते. पहिले दोन आठवडे चार दिवस पाच-पाच किलोमीटर, ट्रेकला घालायचे तेच बूट, सॅक रिकामी. वेग असा की चालताना दोन पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. नवरात्राचे दिवस वर सांगितल्याप्रमाणे. पाचव्या आठवड्यापासून पाठीवर चार किलो, सहाव्यात सहा. सातव्यात दिवाळी, तेव्हा वजन खाली ठेवा. फराळ चुकत नाही आणि शरीरालाही हा हलका आठवडा हवाच असतो. मग सात, नऊ, अकरा आणि अकराव्या आठवड्यात तेरा किलो. दहाव्या-अकराव्या आठवड्यांत शनिवार-रविवार दोन्ही दिवस १५-१५ किलोमीटर, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या सकाळी असते. ६५ किलोच्या माणसानं तेराच्या वर जाऊ नये, म्हणजे आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा.

वजनासाठी विटा किंवा डंबेल भरू नयेत, ते पाठीला टोचतात आणि तळाला जाऊन बसतात. पाण्याच्या बाटल्या भराव्यात. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत वर पोचल्यावर पाणी झाडाच्या मुळाशी ओतून रिकाम्या सॅकनं उतरता येतं. नवव्या आठवड्यापासून मात्र ओतायचं नाही, कारण वजन घेऊन उतरण्याचाही सराव लागतो.

उतार हा तयारीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असताना ब्रेकसारखं काम करतो. या ब्रेक लावण्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. ट्रेकच्या पहिल्या दिवशी मोठा उतार आला की तिसऱ्या दिवशी माणसं अंग तिरकं करून, एका बाजूनं पायऱ्या उतरताना दिसतात ती यामुळे. चांगली बाब अशी की एकदा असा ताण दिला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू त्याच उतारावर फारसा दुखत नाही. म्हणून देवरवाडीहून वैजनाथ आणि वर महिपालगड चढून गेलात तर खाली गाडीनं येऊ नका, उतरण्यासाठीच तर गेला होतात. घरी पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीन आकडे मोजत सावकाश खाली टेकवायचा. प्रत्येक पायाचे बारा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत वळत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या.

वजन आणि चढ यांचा शक्तीवर काय परिणाम होतो याचं एक सूत्र अमेरिकी लष्करातले संशोधक पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली सैनिकांसाठी मांडलं. ६५ किलोचा माणूस कच्च्या सपाट वाटेवर ताशी चार किलोमीटरनं रिकामा चालला तर त्या सूत्रानुसार तासाला साधारण २०० कॅलरी लागतात. तेरा किलो पाठीवर घेतले तर २२५. फरक फार नाही. पण त्याच वजनानं १०० मीटरला १० मीटर चढणाऱ्या वाटेवर तोच वेग ठेवला तर आकडा ५१५ च्या घरात जातो. म्हणजे सपाटीवर वजन फसवतं, चढावर वसूल करतं. चन्नम्मा सर्कलभोवती सॅक घेऊन कितीही फेऱ्या मारल्या तरी पारगडाची तयारी होत नाही ती म्हणूनच. बुटांच्या वजनाचा हिशेब आणखी वेगळा: पायातला एक किलो पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतका दमवतो, कारण तो प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावा लागतो.

सॅकचं माप उंचीवरून नाही, पाठीच्या लांबीवरून ठरतं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो मणका उठून दिसतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेला जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप लावायची. सॅक घालताना आधी सगळे पट्टे सैल करायचे. मग कमरपट्टा, त्याचा मध्य बरोबर कमरेच्या हाडाच्या कडेवर, पोटावर नव्हे. तो घट्ट झाल्यावर खांद्याचे पट्टे, नंतर खांद्यावरचे छोटे ओढपट्टे, शेवटी छातीचा. बरोबर बसली तर बहुतेक वजन कमरेवर येतं आणि खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज सरकतात. तासाभरात हाताला मुंग्या आल्या, तर पट्टा खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब देतोय असं समजा. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. त्या बाहेरच्या कप्प्यात टाकल्या की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि दिवसभर पाठ दुखते.

आता पाय. फोड म्हणजे घासून सोललेली कातडी, हा समज अर्धाच खरा. बाहेरची कातडी मोज्याला चिकटून राहते, मोजा बुटाला, आणि आतलं टाचेचं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. मधल्या थरांवर ताण येऊन ते एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणून सुती मोजे वाईट. ते घाम पितात आणि धरून ठेवतात. आत पातळ सिंथेटिक मोजा आणि वर जाड लोकरीचा घातला तर सरकणं दोन मोज्यांच्या मध्ये होतं, कातडीत नाही. टाचेला चटका लागल्यासारखं वाटलं की तिथेच बसायचं, पुढच्या वळणावर नाही. बूट काढायचा, जागा पुसून कोरडी करायची, कोपरे गोल कापलेली कागदी टेप एकही सुरकुती न पडता लावायची. या कामाला पाच मिनिटं लागतात. ती वाचवणारा माणूस पुढचे तीन दिवस लंगडतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय सुजलेले असताना, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे.

खाण्याच्या बाबतीत सीमाभाग श्रीमंत आहे. दिवसाला तीन हजारांच्या वर कॅलरी लागतात आणि सॅकमध्ये पाणी वाहून नेणं परवडत नाही. म्हणून कडक भाकरी. मऊ भाकरीतलं पाणी म्हणजे फुकटचं वजन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी. तव्यावर सावकाश वाळवलेली पातळ कडक भाकरी आठवडाभर टिकते. सोबत शेंगाची चटणी, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ५७० कॅलरी असतात आणि चटणीतलं मीठ घामावाटे गेलेलं सोडियम भरून काढतं. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याची वडी, खिशात ठेवायचा, सॅकच्या तळाला नाही. चालताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, भूक लागायची वाट बघू नये. चिरमुरे हलके असले तरी जागा खातात, ते घरीच बरे.

पाण्याचा अंदाज सरावातच घ्यायचा. निघताना आणि परतल्यावर वजन करा, कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर न भरलेला घाम. ६५ किलोच्या माणसाचं सव्वा किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर पाणी कमी पडतंय. वजन उलट वाढलं असेल तर तुम्ही नुसतं पाणी ढोसताय, आणि त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ सुरू होते.

खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे सराव करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नये. आणि डिसेंबरपासून मेपर्यंत गोचिडांचे दिवस. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गोचिडांमुळेच पसरतो आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. पँट मोज्यात खोचायची, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर काखा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपासायची. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं.

शेवटच्या, बाराव्या आठवड्यात नवं काही करू नये. चालणं निम्म्यावर आणायचं, वजन चार-पाच किलो. बुटांची नाडी उतारासाठी वेगळी बांधून पाहायची, घोट्यापाशी एक जास्तीचा वेढा देऊन, म्हणजे पाय पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आदळत नाहीत. आणि नखं निघायच्या आदल्या रात्री नव्हे, तीन-चार दिवस आधी, सरळ रेषेत कापायची. ताज्या कापलेल्या नखाची धार पहिल्याच उतारावर शेजारच्या बोटात घुसते.