जास्त बर्फ म्हणजे जास्त कमाई?

उत्तर अमेरिकेतल्या बर्फ हटवण्याच्या धंद्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय. पिकअपला पुढे पातं लावा, हिवाळाभर गाडी फिरवा, जितका बर्फ पडेल तितका पैसा! हे निम्मंच खरं आहे.

खरी मेख करारात असते. दर फेरीमागे पैसे ठरले असतील तर जास्त बर्फ फायद्याचाच. पण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोसारख्या शहरात बरेच घरमालक अख्ख्या हंगामाची एकच रक्कम ठरवून मोकळे होतात. मग कोरडा हिवाळा म्हणजे ठेकेदाराची चांदी, आणि बर्फ कोसळत राहिला की डिझेल, मजुरी, गाडीची दुरुस्ती सगळं त्याच्याच खिशातून. नोव्हेंबर २०२२मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. एवढ्यापुढे पिकअपच्या पात्याचं काही चालत नाही, बर्फ उचलून टाकणारं मोठं यंत्र, म्हणजे लोडर लागतो. ठरलेली रक्कम मात्र तेवढीच.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठही हुकमी नाही. तापमान उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही. आणि दुकानापुढे कुणी घसरून पडलं तर दावा ठेकेदारावरही येऊ शकतो, म्हणून विमा घ्यावाच लागतो. मध्यरात्री उठून गाडी काढणं त्यामानाने सोपं म्हणायचं.

तरी बागकाम, लॉनची कामं करणारे यात उतरतात, कारण एरवी त्यांच्या गाड्या आणि माणसं हिवाळ्यात रिकामी बसतात. मुरलेले ठेकेदार दोन्ही प्रकारचे करार थोडे थोडे घेतात.