नोंदी घेणारे हात

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीपाळखीतून एखादा तरी फोन येतोच. "मुलगी समुद्राचा अभ्यास करायचा म्हणते. स्कॉलरशिप वगैरे असते का हो त्यात काही?" असते. समुद्रासाठी असते, हवामानासाठीही असते, आणि एकच नाही, चार-पाच असतात. पण त्या ऐकल्या की माणूस गोंधळतो, कारण त्या एका ठिकाणी नाहीत, एका खात्याच्या नाहीत आणि एका काळातल्याही नाहीत. प्रत्येकीमागे वेगळी निकड होती. ती निकड बहुतेक वेळा एकाच प्रकारची असायची: नोंदी घ्यायच्या होत्या आणि हात कमी पडत होते.

सुरुवात कुलाब्यापासून करायला हवी. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये तिथे वेधशाळा बांधली, ती जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि ताऱ्यांचे वेध घेता यावेत म्हणून. 1841 पासून तिथे चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी नेमाने सुरू झाल्या. अशा नोंदींना सुट्टी नसते. रात्री दिव्याच्या उजेडात तापमापक वाचायचा, वहीत आकडा टिपायचा, पुन्हा ठरल्या वेळी उठायचं. मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत शिकवणाऱ्या ऑर्लेबार यांच्याकडे वेधशाळेचीही जबाबदारी होती आणि त्यांनी आपल्या हाताखाली जे तरुण घेतले, त्यात अलिबागजवळच्या नागावचा पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे टिळक-आगरकरांचे गुरू म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले केरूनाना ते हेच. शिकता शिकता काम आणि कामाबद्दल सरकारी पैसा, ही आजच्या इंटर्नशिपची सगळी लक्षणं त्या व्यवस्थेत होती. फक्त नाव नव्हतं.

1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरला ज्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, ती हीच. मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुण्याचं महत्त्व कमी झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानं वाढली, विमानांना हवेचा अंदाज लागायचा आणि तो सांगणारी माणसं पुरेनात. माणसं घडवल्याशिवाय मिळत नाहीत, हे खात्याला त्या काळात कळलं.

अ‍ॅना मणी यांची गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते, कारण शिष्यवृत्ती माणसाला कुठल्या कुठे नेते हे तिच्यात स्वच्छ दिसतं. त्रावणकोरमधल्या पीरमेडच्या या मुलीने बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर काम केलं, शोधनिबंध लिहिले, प्रबंध सादर केला. एमएस्सीची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली. 1945 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या. इच्छा पदार्थविज्ञानाची होती, पण जागा होती हवामानाच्या उपकरणांची. त्यांनी ती घेतली. 1948 मध्ये परतल्यावर त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि इथेच त्यांनी उपकरणं देशात बनवण्याचा ध्यास घेतला. पर्जन्यमापकासारखी साधी वस्तूही बाहेरून आणणाऱ्या देशात शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित झाले. एका शिष्यवृत्तीचा एवढा मोबदला मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

समुद्राचं दार उघडलं ते 1960 च्या आसपास. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत डझनभराहून जास्त देश आणि सुमारे चाळीस जहाजं उतरली. भारताकडून नौदलाची 'किस्तना' होती. मुंबईत कुलाब्याला हवामानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं, कोचीनला जीवशास्त्राचं. या कोचीनच्या केंद्रात जाळ्यांत सापडलेल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या, बाटल्याच्या बाटल्या येऊन पडल्या. त्यातला एकेक जीव सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून वेगळा करायला तरुण मुलंमुली घेतली गेली. त्यांनी हा विषय कॉलेजात शिकलेला नव्हता, कारण देशात तो फारच थोड्या ठिकाणी शिकवला जात होता. ती बाटल्यांसमोर बसून शिकली. मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, ती पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावली आणि कोचीनचं केंद्र तिच्यात सामावलं. त्याच धामधुमीत, 1962 मध्ये, पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था निघाली. 1971 मध्ये ती हवामान खात्यापासून वेगळी होऊन स्वायत्त झाली.

इथे एक फाटा फुटला आणि त्याचा त्रास विद्यार्थी आजही भोगतात. समुद्राची संस्था वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली, म्हणजे सीएसआयआरकडे. हवेची संस्था मात्र पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली राहिली, 1985 पर्यंत. पावसाचा अभ्यास करणाऱ्याला समुद्र वगळून चालत नाही, पण शिकायला पैसे मागायचे तर दोन वेगळ्या दारांवर जावं लागायचं. परिषदेकडे निदान फेलोशिपची वहिवाट होती. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञांसाठी तिची एक 'सायंटिस्ट्स पूल' योजनाही होती. त्या योजनेत 1971 मध्ये सुलोचना गाडगीळ अमेरिकेतून पुण्याच्या उष्णदेशीय संस्थेत आल्या. दोन वर्षांचीच ती सोय. पण ज्यांनी आयुष्य ढगांचे नकाशे बघण्यात घालवलं होतं अशा हवामानतज्ज्ञांच्या शेजारी बसायची संधी त्यांना तिथे मिळाली. पुढे बंगळूरला जाऊन त्यांनी मान्सूनच्या अभ्यासाचं मोठं केंद्र उभं करण्यात हातभार लावला.

याच पिढीतल्या अदिती पंत. जन्म नागपूरचा, बीएस्सी पुणे विद्यापीठाची. समुद्राचं शिक्षण घ्यायला त्यांना हवाई विद्यापीठात जावं लागलं, तेही अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर. तिथून लंडन, मग गोवा. 1983 मध्ये निघालेल्या मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या अंटार्क्टिकावर पोचल्या, तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून. या खंडावरची आपली पहिली मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली होती. त्याच वर्षी महासागर विकास विभाग स्थापन झाला आणि 1983 मध्ये जर्मनीत बांधलेलं 'सागरकन्या' जहाज आलं. आपल्या विद्यार्थ्याला आपल्या जहाजावर जाता येईल, असे दिवस आले.

जहाजावर नेमकं काय शिकतात, असं लोक विचारतात. मी माझ्या पहिल्या उन्हाळी प्रकल्पात जे शिकलो ते सांगतो. बोट लहान, मे महिना, गोव्याच्या किनाऱ्यापासून बरंच आत, खोल पाण्यात. खोलवरून पाणी घेऊन नळकांडं वर आलं की सगळ्यात आधी प्राणवायूचा नमुना काढायचा, बाकी सगळं नंतर. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची आणि पाणी तोंडावरून ओसंडून वाहू द्यायचं. एक बुडबुडा जरी आत राहिला तरी आकडा खोटा. मग मँगनीजचं द्रावण, मग आयोडाइडचं, बूच, आणि बाटली उलटसुलट. पाण्यात तपकिरी साका धरला की प्राणवायू आहे. पांढरट राहिला की खालच्या पाण्यात तो जवळजवळ संपलाय. अरबी समुद्र खोलात असा गुदमरलेला असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ती पांढरी बाटली हातात धरली आणि विषय बदलायचा नाही हे ठरलं. त्या प्रकल्पाचे पैसे कबूल होते. हातात पडले ते सात महिन्यांनी, आणि खोलीचं भाडं तोवर वडिलांनी भरलं.

2004 च्या त्सुनामीने सरकारची नजर पुन्हा समुद्राकडे वळली. 2006 मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय झालं आणि हवामान खातं, पुण्याची संस्था, हैदराबादचं महासागर माहिती केंद्र, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र अखेर एका छपराखाली आली. दोना पावलाची संस्था मात्र सीएसआयआरकडेच राहिली. नव्या मंत्रालयाने स्वतःची फेलोशिप काढली, निवडलेल्यांना पुण्यात प्रशिक्षण देऊन मग वेगवेगळ्या संस्थांत पाठवायचं अशी. हैदराबादला समुद्राच्या पूर्वानुमानाचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही उभं राहिलं. माझ्या दृष्टीने ही गेल्या पन्नास वर्षांतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, कारण विद्यार्थी आधी समुद्र आणि हवा दोन्ही शिकतो, मग एकाची निवड करतो.

पदवीच्या मुलांसाठी खरा बदल केंद्र सरकारच्या 2008 च्या 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीने केला. बारावीत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्याला वर्षाला 80,000 रुपये: त्यातले 60,000 हातात, 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. विषयांच्या यादीत हवामान आणि महासागर विज्ञान नावानिशी आहेत. तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिपही त्याच सुमारास एकत्र चालवली जाऊ लागली. पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान असा स्वतंत्र पेपर आहे. कनिष्ठ संशोधकाची महिन्याची रक्कम 2019 मध्ये 31,000 झाली, तीही देशभर संशोधक रस्त्यावर उतरल्यावर. 1 जानेवारी 2023 पासून ती 37,000 आहे. 'इन्स्पायर'चे 80,000 मात्र ठरले तेव्हाचेच.

2021 मध्ये खोल समुद्र मोहिमेला 4,077 कोटी मंजूर झाले, 2024 मध्ये हवामानाचे अंदाज सुधारण्याच्या 'मिशन मौसम'ला 2,000 कोटी. पाणबुडी येईल, रडार येतील, महासंगणक येतील. हात पुन्हा कमी पडणार आहेत. म्हणून फोनवर विचारणाऱ्या त्या आईवडिलांना मी आधी योजनांची नावं सांगतो, मग एक प्रश्न विचारतो: मे-जूनचे दोन महिने पुण्यात किंवा पणजीत खोली घेऊन राहायचा खर्च, पैसे जमा होईपर्यंत, झेपेल का? नांदेडहून, गडचिरोलीहून बोलणारा माणूस या प्रश्नावर थोडा वेळ गप्प होतो.