गुडघा आणि मागची मोटार

आरे-वारेच्या रस्त्याला समुद्र फुकट दिसतो, चढाचे पैसे मात्र गुडघ्यातून वसूल होतात. खाडीकडे उतरा, पूल ओलांडा, पुन्हा सड्यावर चढा. रत्नागिरी ते गणपतीपुळे हेच चालू. आमच्या रविवारच्या सायकल टोळक्यातल्या एका काकांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हापासून ते कोकम सरबताच्या बाटल्या घेऊन स्कूटरवरून मागे येतात आणि ‘आत्ता नको रे, वळण गेलं की मार!’ असं ओरडतात. आम्ही त्यांना गिमार म्हणतो. नवी पोरं विचारतात, हा गिमार कोण?

सिरिल गिमार फ्रान्सचा. टूर द फ्रान्स या टप्प्याटप्प्यांच्या सायकल शर्यतीत १९७२मध्ये तो साक्षात एडी मर्क्सला, त्या काळच्या सगळ्यात दादा सायकलपटूला नडला, चार टप्पे जिंकला. दोनच दिवस उरले असताना गुडघ्यांनी दगा दिला. दुसऱ्या क्रमांकावर, अंगात गुणांमधल्या आघाडीची हिरवी जर्सी, आणि शर्यतीबाहेर! पॅरिसमध्ये ती जर्सी मर्क्सला मिळाली. त्याने ती गिमारला देऊन टाकली.

१९७६मध्ये, अवघ्या २९व्या वर्षी, गिमार मॅनेजरच्या मोटारीत बसला. संघात बेल्जियमचा लुसिएन व्हान इम्पे होता. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ असतो ना, तसा. पण तेवढ्यावरच समाधानी. पिरेनीजमधल्या सँ-लारीच्या टप्प्यात शेवट बराच लांब असताना गिमारने त्याला घोळक्यातून सुटायला लावलं. गडी कुरकुरला, पण सुटला, तीन मिनिटांहून जास्त फरकाने टप्पा मारला आणि पुढे टूरही.

मग गिमारच्याच संघातल्या बर्नार इनोच्या चार टूर, लॉराँ फिन्याँच्या दोन. १९७६ ते १९८४ या नऊ वर्षांत सात. मला मात्र न जिंकलेलं १९८० जास्त गिमारचं वाटतं: इनो पिवळ्या जर्सीत आघाडीवर, गुडघा सुजलेला, आणि पो गावात माघार. त्याच मोसमात इनो जगज्जेता झाला. १९८३मध्ये गुडघ्याने पुन्हा उचल खाल्ली, इनो टूरला आलाच नाही, आणि २२ वर्षांच्या फिन्याँने पहिल्याच टूरमध्ये बाजी मारली. इनो-गिमारचं त्या वर्षी फाटलं ते फाटलंच.

काकांच्या खिशात शिंप्याची टेप असते. जांघेपासून टाचेपर्यंतचं माप गुणिले ०.८८३, तेवढी सीट क्रँकच्या आसापासून, म्हणजे पॅडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तिथून, वर. गिमारच्या तालमीतल्या ग्रेग लेमाँडने जगभर नेलेलं गणित. माझं माप ८० सेंटीमीटर, म्हणजे सीट ७०.६ला. होती ६८ला.